लेनी ब्रूस : उच्चार, पुरावा आणि चित्रपट

१९६५ च्या ऑगस्ट महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोतील ‘बेसिन स्ट्रीट वेस्ट’ या नाइट क्लबात लेनी ब्रूस या अमेरिकन विनोदकाराचा एक प्रयोग जॉन मॅग्नसन याने चित्रित केला. ब्रूसच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये, तो ‘द लेनी ब्रूस परफॉर्मन्स फिल्म’ या नावाने लोकांपुढे आला. सुमारे तासाभराच्या या चित्रपटात ना कथानक आहे, ना दृश्यांचे वैविध्य. एक थकलेला माणूस रंगमंचावर उभा आहे. न्यू यॉर्कच्या न्यायालयात आपल्याविरुद्ध चाललेल्या खटल्याच्या नोंदीतील वाक्ये तो वाचतो, त्यांवर भाष्य करतो. पोलिसांनी आपल्या तोंडी घातलेले शब्द आणि आपण वस्तुतः उच्चारलेले शब्द यांतील अंतर समजावून सांगतो. हसण्याच्या अपेक्षेने बसलेल्या प्रेक्षकाला प्रथम वाटते की ही प्रस्तावना असावी, खरा कार्यक्रम पुढे आहे. बराच वेळ गेल्यावर त्याच्या ध्यानात येते की हाच कार्यक्रम आहे.

ब्रूसविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बरेचसे लेखन त्याला वाणीस्वातंत्र्याचा हुतात्मा ठरवून थांबते. हुतात्म्याच्या चरित्राची अडचण अशी की, त्याच्या मरणापुढे त्याचे काम दिसेनासे होते. साहित्याच्या अभ्यासकाला ब्रूसचे प्रकरण महत्त्वाचे वाटावे ते निराळ्या कारणाने. ज्या कलाकृतीला लिखित संहिताच नाही, जी दर रात्री नव्याने घडते आणि त्याच रात्री संपते, तिचा न्यायनिवाडा कशाच्या आधारे करावयाचा? हा प्रश्न प्रथम न्यायालयापुढे आला. पुढे तोच प्रश्न चित्रपट-दिग्दर्शकांपुढे उभा राहिला. दोघांनीही आपापली उत्तरे दिली, आणि ब्रूसची आज जी प्रतिमा आपल्या हाती आहे ती या दोन उत्तरांची मिळून बनलेली आहे.

ब्रूसचे मूळ नाव लेनर्ड आल्फ्रेड श्नायडर. जन्म १३ ऑक्टोबर १९२५ रोजी, न्यू यॉर्क राज्यातील मिनिओला येथे. आई सॅली मार ही स्वतः विनोदी नटी. दुसऱ्या महायुद्धात नौदलात चाकरी करून आल्यावर तो रंगमंचाकडे वळला, आणि पन्नाशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या परिसरातील नग्ननृत्यांच्या क्लबांत निवेदक म्हणून त्याने उमेदवारी केली. अशा ठिकाणी विनोदकाराकडे कोणी लक्ष देत नसे. त्याचे खरे श्रोते मागे बसलेले वादकच. ब्रूसच्या शैलीचा उगम येथे शोधावा लागतो. जॅझचा वादक ठरलेली चाल घेऊन तिच्याभोवती तत्काळ नवे स्वरविस्तार करतो, तसा ब्रूस एखादा विषय घेऊन त्याभोवती बोलत जाई. वाक्य अर्धे सोडून दुसरे उचलणे, यिडिश शब्दांची पेरणी, एकट्यानेच चार पात्रांचे आवाज काढणे, मध्येच स्वतःच्याच विनोदावर शेरा मारणे ही सारी त्याची साधने होत. धर्मसंस्थांना मोठ्या व्यापारी कंपन्यांच्या रूपात दाखवणारे त्याचे ‘रिलिजन्स इन्कॉर्पोरेटेड’ हे प्रहसन, किंवा मेजवानीत एका कृष्णवर्णीय पाहुण्याशी सलगी दाखवू पाहणाऱ्या आणि प्रत्येक वाक्यागणिक आपला वर्णद्वेषच उघडा करणाऱ्या गोऱ्या माणसाचे संभाषण ऐकले, म्हणजे त्याचा विनोद शब्दांत थोडा आणि स्वरांत फार, हे जाणवते. कागदावर उतरवले असता त्यातील निम्मे निर्जीव होते. आपल्याकडील कोणत्याही चांगल्या सोंगाड्याची बतावणी लिहून काढणाऱ्याला हा अनुभव आला असेलच.

मराठी वाचकाच्या मनात येथे साहजिकच पु. ल. देशपांडे यांचा एकपात्री प्रयोग येईल. पण ‘बटाट्याची चाळ’ आधी पुस्तकरूपाने आली, आणि मग रंगमंचावर. तेथे प्रयोगाला लिखित शब्दाचा आधार होता, आणि प्रयोग कितीही फुलला तरी परत येण्यास एक घर होते. ब्रूसला असे घर नव्हते. त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्याचे आत्मचरित्रही १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ‘ब्रूसचा अमुक प्रयोग’ म्हणून प्रमाण मानावी अशी संहिता कोठेही अस्तित्वात नव्हती.

४ ऑक्टोबर १९६१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘जॅझ वर्कशॉप’मध्ये त्याला अश्लील भाषेबद्दल अटक झाली. तेव्हा हा अभाव फारसा बोचला नाही. न्यायाधीश क्लेटन हॉर्न यांनी चारच वर्षांपूर्वी ॲलन गिन्सबर्गच्या ‘हाउल’ला अश्लीलतेच्या आरोपातून मुक्त केले होते. १९५७ मध्ये ‘रॉथ’ खटल्यात अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कसोटी त्यांनी ज्यूरीला समजावून दिली. कृती समग्रतेने पाहावी. सामान्य माणसाच्या दृष्टीने आणि समकालीन समाजाच्या मापाने तिचा प्रधान आशय कामवासना चाळवणारा आहे काय, हे ठरवावे. मार्च १९६२ मध्ये ज्यूरीने ब्रूसला निर्दोष सोडले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘समग्र कृती’ ही कल्पना कादंबरीला किंवा कवितासंग्रहाला लावणे सोपे आहे. त्यांना पहिले पान असते आणि शेवटचे पान असते. जो माणूस मंगळवारी एक बोलतो आणि बुधवारी दुसरे, त्याची समग्र कृती कोणती?

डिसेंबर १९६२ मध्ये शिकागोच्या ‘गेट ऑफ हॉर्न’ क्लबात पुन्हा अटक झाली. त्या रात्री प्रेक्षकांत बसलेल्या जॉर्ज कार्लिन या तरुण विनोदकारालाही ओळखपत्र दाखवण्यास नकार दिल्यामुळे पोलिसांनी गाडीत घातले. शिकागोची शिक्षा १९६४ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. दरम्यान इंग्लंडचे दरवाजे ब्रूसला बंद झालेच होते. १९६२ मध्ये लंडनमध्ये प्रयोग केल्यावर पुढच्या वर्षी त्याला देशात प्रवेशच मिळाला नाही.

निर्णायक ठरला तो न्यू यॉर्कचा खटला. एप्रिल १९६४ मध्ये ग्रेनिच व्हिलेजमधील ‘कॅफे ओ गो गो’ येथे ब्रूसला अटक झाली, आणि क्लबचा मालक हॉवर्ड सॉलोमन हाही आरोपी झाला. तीन न्यायाधीशांपुढे खटला चालला; जॉन मर्टा हे अध्यक्ष होते, ज्यूरी नव्हती. या खटल्यातील एक प्रसंग वाङ्मयविचाराच्या दृष्टीने मला अत्यंत बोलका वाटतो. परवाना खात्यातील एक निरीक्षक ब्रूसच्या प्रयोगाला श्रोता म्हणून बसला होता आणि अंधारात टिपणे घेत होता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून त्याने त्या टिपणांच्या आधारे ब्रूसचा प्रयोग न्यायालयाला ‘करून दाखवला’. ब्रूसची तक्रार अशी की, हा माणूस माझे काम वाईट करतो, आणि शिक्षा मात्र मला होणार आहे. ही तक्रार विनोदाची म्हणून त्या वेळी पुष्कळांनी हसण्यावारी नेली. वास्तविक ती काटेकोर अशी समीक्षात्मक तक्रार आहे. विनोदाचा अर्थ विरामात असतो, कोणत्या अक्षरावर जोर दिला यात असतो, बोलणारा पात्र म्हणून बोलतो आहे की स्वतः म्हणून, यात असतो. निरीक्षकाच्या टिपणात यांपैकी काहीच येऊ शकत नव्हते. आले ते फक्त आक्षेपार्ह शब्द, एखाद्या यादीसारखे. हाताच्या एका हालचालीवरूनही वाद झाला. सरकारपक्षाला ती अश्लील वाटली. आपण आशीर्वाद देणाऱ्या धर्मगुरूची नक्कल करीत होतो, असे ब्रूसचे म्हणणे. पोलिसांनी केलेली काही ध्वनिमुद्रणेही सादर झाली, परंतु ध्वनिफितीला हात दिसत नाहीत.

आपल्याकडील एका खटल्याशी ताडून पाहिले म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला, आणि अखेर १९६९ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. त्या निर्णयाशी कोणी सहमत असो वा नसो, न्यायमूर्तींपुढे छापील कथा होती. वादी, प्रतिवादी आणि न्यायालय हे तिघेही एकाच मजकुराविषयी बोलत होते. ब्रूसच्या खटल्यात मजकूर कोणता, हाच वाद होता, आणि तो वाद आहे याची न्यायालयाने पुरती दखल घेतली नाही.

४ नोव्हेंबर १९६४ रोजी दोन विरुद्ध एक अशा मताने ब्रूस दोषी ठरला. डिसेंबरात चार महिन्यांची शिक्षा झाली. त्याचे प्रयोग विस्कळीत आणि कलागुणांना पारखे आहेत, शिवराळ शब्द वापरण्यास मिळावेत म्हणून केलेले ते एक निमित्त आहे, असा बहुमताचा अभिप्राय पडला. अभिप्राय कायद्याचा असला तरी त्याचे स्वरूप वाङ्मयसमीक्षेचे आहे, आणि समीक्षा म्हणून तो दुबळा आहे. ज्याला विस्कळीतपणा म्हटले गेले ती ब्रूसची रचनापद्धतीच होती.

मात्र त्याच्या समर्थकांनीही त्याला एका परीने अडचणीतच आणले, असे माझे मत आहे. गिन्सबर्गच्या पुढाकाराने निघालेल्या निवेदनावर लायनेल ट्रिलिंग, नॉर्मन मेलर, जेम्स बॉल्डविन, सुसान सॉन्टॅग, राइनहोल्ड नीबूर अशी नामवंत मंडळी होती. ब्रूसला स्विफ्ट, राब्ले आणि ट्वेन यांच्या परंपरेत बसवण्यात आले. बचावासाठी हे आवश्यक होते. कायद्याची कसोटीच अशी होती की सामाजिक महत्त्व सिद्ध झाले तर सुटका. पण ज्या विनोदकाराला ‘तू नीतिवादी उपरोधकार आहेस’ असे विद्वान सांगू लागतात, त्याला ते खरे वाटू लागण्याचा धोका असतो. ब्रूसला ते खरे वाटले. तो कायद्याची पुस्तके वाचू लागला, वकिलांना दूर सारून स्वतःच युक्तिवाद करू पाहू लागला, आणि रंगमंचावर खटल्याशिवाय दुसरा विषय उरला नाही.

त्याच्या ऱ्हासाचे सर्व माप न्यायालयाच्या पदरात घालणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. अमली पदार्थांचे व्यसन त्याला खटल्यांच्या आधीपासून होते. १९६५ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोतील एका हॉटेलच्या खिडकीतून पडून जायबंदी झाला. त्याच वर्षी दिवाळखोर जाहीर झाला. क्लबमालक त्याला बोलावण्यास कचरत, कारण सॉलोमनचे काय झाले ते त्यांनी पाहिले होते. ३ ऑगस्ट १९६६ रोजी हॉलिवुडमधील घरी मॉर्फिनच्या अतिमात्रेने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता.

ही पार्श्वभूमी ठेवून मॅग्नसनचा चित्रपट पाहिला म्हणजे तो कंटाळवाणा राहत नाही, भयंकर वाटतो. आपल्या कलेची चुकीची प्रत सरकारी दप्तरात नोंदली गेली आहे, आणि मूळ प्रत कोठेच नाही, हे कळलेला कलावंत रंगमंचावर उभा राहून शुद्धिपत्र वाचतो आहे. मधूनमधून जुना ब्रूस डोकावतो: एखाद्या पोलिसाचा आवाज, एखादे झटक्यात उमटलेले पात्र. अशा क्षणी सभागृह हसते, आणि ब्रूस पुन्हा नोंदीकडे वळतो. निरीक्षकाने त्याच्या प्रयोगाचे टिपण केले, आणि आता ब्रूस त्या टिपणाचाच प्रयोग करीत आहे.

येथे एक दैवदुर्विलास नमूद केला पाहिजे. ब्रूसचे जे चलच्चित्रण उपलब्ध आहे ते मुख्यतः दोन टोकांचे. एका टोकाला १९५३ चा ‘डान्स हॉल रॅकेट’ हा त्याने स्वतः लिहिलेला सामान्य प्रतीचा चित्रपट, ज्यात तो गुंडाच्या भूमिकेत आहे, आणि १९५९ मधील स्टीव्ह ॲलनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासारखी दर्शने, जेथे त्याला सभ्य घरांना चालेल इतपतच बोलावे लागले. दुसऱ्या टोकाला १९६५ चा हा खचलेला माणूस. मधला ब्रूस, म्हणजे खरा ब्रूस, मुख्यतः ध्वनिमुद्रणांतच सापडतो. ४ फेब्रुवारी १९६१ रोजी हिमवादळात अडकलेल्या न्यू यॉर्कमध्ये, कार्नेगी हॉलमध्ये मध्यरात्री त्याने केलेला प्रयोग ऐकताना त्याची बुद्धी किती वेगाने आणि किती आनंदाने धावत असे, हे कळते. ते दृश्य मात्र आपणांस दिसत नाही. त्याच्यावरील नंतरचे चित्रपट ही पोकळी भरून काढण्याचे प्रयत्न होत.

त्यांतील सर्वांत महत्त्वाकांक्षी म्हणजे बॉब फॉसीचा ‘लेनी’ (१९७४). ज्यूलियन बॅरी याच्या १९७१ च्या नाटकावर तो आधारलेला आहे. डस्टिन हॉफमनने ब्रूसची, तर व्हॅलरी पेरिनने त्याची पत्नी हनी हिची भूमिका केली. चित्रपटाला ऑस्करची सहा नामांकने मिळाली, पारितोषिक एकही नाही. पेरिनला कान महोत्सवात अभिनेत्रीचे पारितोषिक लाभले. फॉसीने चित्रपट कृष्णधवल ठेवला आणि त्याची रचना अनुबोधपटासारखी केली. ब्रूसच्या मृत्यूनंतर पत्नी, आई आणि व्यवस्थापक यांच्या मुलाखती चालल्या आहेत, त्यांच्या आठवणींतून पूर्वायुष्य उलगडते, आणि या दोहोंच्या मध्ये रंगमंचावरील प्रयोगांचे तुकडे येतात. ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. ब्रूस काय होता हे कोणी थेट सांगू शकत नाही; जो तो आपली साक्ष देतो. खटल्याचा साचा अशा रीतीने चित्रपटाच्या अंगात मुरला आहे.

फॉसीची अडचण हॉफमनच्या अभिनयात आहे, आणि ती अभिनयाच्या उणेपणाची नव्हे. तो फार आर्जवी आहे. प्रेक्षकाने आपल्यावर प्रेम करावे, ही त्याची धडपड प्रत्येक निकटदृश्यात दिसते. ब्रूसच्या ध्वनिमुद्रणांत आर्जव नाही; तेथे श्रोत्याला डिवचण्याची आणि डिवचून झाल्यावर त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याची एक बेपर्वा वृत्ती आहे. पॉलिन केल हिने त्या वेळी हा चित्रपट ब्रूसला संत करून टाकतो असा आक्षेप घेतला होता, आणि तो बराचसा ग्राह्य आहे. वर्णवाचक शिव्यांचा पुनःपुन्हा उच्चार करून त्यांतील विष काढून टाकण्याचा ब्रूसचा प्रसिद्ध प्रवेश चित्रपटात आहे; तेथे तो प्रवचनासारखा उतरतो. मूळ प्रयोगात हा मुद्दा कितपत गंभीरपणे मांडला जात आहे याविषयी श्रोता क्षणभर साशंक राहत असे, आणि त्या साशंकतेतच विनोद होता.

तथापि एका प्रसंगात फॉसी सर्व कसर भरून काढतो. उतरत्या काळातील एका प्रयोगात ब्रूस रेनकोट घालून, नशेच्या अमलाखाली, रंगमंचावर येतो. कॅमेरा दूर, सभागृहाच्या मागच्या बाजूला आहे, आणि तो तेथून हलत नाही. वाक्ये सुटतात, अर्धी राहतात, शांतता पडते, कोणी तरी उठून जाते. एरव्ही तुकड्यातुकड्यांनी संकलन करणारा, नर्तकाच्या पदन्यासासारखी दृश्ये कापणारा हा दिग्दर्शक येथे कात्री खाली ठेवतो. विनोदकाराचे अपयश पाहणे किती लांबणारी गोष्ट असते, हे तो कालाच्याच मापाने दाखवतो. ऱ्हासाचे याहून प्रामाणिक चित्रण मला अन्य चरित्रपटांत आढळलेले नाही.

हा विषय फॉसीच्या मनातून गेला नाही. ‘लेनी’चे संकलन आणि एका संगीतिकेची तालीम एकाच वेळी चालू असताना १९७४ मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला, आणि त्यातून पुढे ‘ऑल दॅट जॅझ’ (१९७९) हा आत्मचरित्रात्मक चित्रपट निघाला. त्यातील दिग्दर्शक एका विनोदकारावरील चित्रपट वारंवार कापतो आहे, जोडतो आहे. त्या विनोदकाराची भूमिका क्लिफ गॉर्मनची, आणि ‘लेनी’ नाटकात रंगभूमीवर ब्रूसची भूमिका करून टोनी पारितोषिक मिळवणारा नट तोच. संकलनाच्या खोलीत मृत्यूविषयीचे तेच ते स्वगत पुनःपुन्हा फिरते. दिग्दर्शकाचे समाधान होत नाही. प्रमाण प्रत हाती लागत नसल्याचा ब्रूसचा शाप येथे फॉसीला लागलेला दिसतो.

रॉबर्ट वाइडचा १९९८ चा ‘लेनी ब्रूस : स्वेअर टु टेल द ट्रूथ’ हा अनुबोधपट अधिक नेमस्त आहे. रॉबर्ट डी नीरोचे निवेदन, जुनी चित्रणे, आई आणि पत्नी यांच्या प्रत्यक्ष मुलाखती यांमुळे माहितीच्या दृष्टीने तो सर्वांत विश्वसनीय. ऑस्करसाठी त्याचे नामांकनही झाले होते.

ब्रूसचा खरा वारसा मात्र त्याच्यावरील चित्रपटांत नाही. शिकागोत पोलिसांच्या गाडीत बसलेल्या कार्लिनने १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर वर्ज्य असलेल्या सात शब्दांवर एक प्रयोग रचला, आणि तो शब्दांच्या यादीसह १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १९७९ मध्ये रिचर्ड प्रायरचा ‘लाइव्ह इन कॉन्सर्ट’ हा चित्रपट आला. एक माणूस, एक ध्वनिक्षेपक, समोर प्रेक्षक, आणि संपूर्ण प्रयोग अखंड चित्रित केलेला. भर बहराच्या दिवसांत ब्रूसला जे मिळाले नाही ते प्रायरला मिळाले. त्याचे हात, त्याचा चेहरा, त्याचे विराम हे सारे नोंदले गेले. त्याच्या प्रयोगाविषयी मतभेद होऊ शकतात. तो काय होता याविषयी मात्र कोणत्याही निरीक्षकाच्या टिपणावर अवलंबून राहावे लागत नाही.

न्यू यॉर्कच्या शिक्षेविषयी एवढेच सांगावयाचे की, सॉलोमनची शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली. ब्रूसची मात्र त्याच्या नावावर राहिली. २३ डिसेंबर २००३ रोजी राज्यपाल जॉर्ज पटाकी यांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. त्या राज्याच्या इतिहासातील ही पहिलीच मरणोत्तर माफी. निर्दोष ठरवले जाणे आणि माफी मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कायद्याची पुस्तके घेऊन बसणाऱ्या ब्रूसने तत्काळ दाखवून दिले असते.

अलीकडे ‘द मार्व्हलस मिसेस मेझल’ (२०१७–२०२३) या मालिकेतील ल्यूक कर्बीच्या देखण्या, हळव्या ब्रूसमुळे त्याचे नाव नव्या पिढीला ठाऊक झाले आहे. त्या भूमिकेबद्दल कर्बीला एमी पारितोषिकही मिळाले. तेथून निघून मूळ ब्रूसकडे जाऊ इच्छिणाऱ्याने आरंभ चित्रपटांपासून करू नये. प्रथम कार्नेगी हॉलचे ध्वनिमुद्रण, दिवे मालवून, सलग ऐकावे. मग फॉसीचा चित्रपट पाहावा. १९६५ चे चित्रण त्यानंतर. तोवर मूळ आवाज कानात बसलेला असतो, आणि कागदातून मान वर करून ब्रूस एखाद्या पात्राचा स्वर लावतो तेव्हा तो आवाज ओळखू येतो.